अकराचा भोंगा

३ नोव्हेंबर १९५८, सोमवार. अमरावती

आज पुन्हा सात नंबर! डॉक्टरसाहेब राउंडला दारात आले, आणि सात नंबरच्या खाटेवरच्या बाईचे केस तसेच, उशीवर पसरलेले. बाकी सतरा खाटा रांगेत, चादरी ताठ, वेण्या घातलेल्या. डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षं नर्सचं काम करते आहे, त्यातली नऊ या बायकांच्या वॉर्डाची मोठी सिस्टर म्हणून. असं बघणं मला कळतं.

माझ्या वॉर्डात एकच नियम आहे. आठच्या राउंडच्या आत सगळं झालेलं पाहिजे— अंग पुसणं, केस, कपडे, चहा, नाश्ता. सगळं.

नंतर भागीरथाला बोलावलं. ही नवी स्टाफ नर्स, सप्टेंबरात आली. तिशीची आहे, दोन मुलांची आई, लग्न झाल्यावर शिकून नर्स झाली. हात हलका आहे, स्वच्छ आहे, पण मंद! जुनी स्टाफ नर्स पार्वताबाई चार खाटा उरकते तेवढ्यात हिची एक होते. विचारलं, केस का राहिले? म्हणाली, "राहिले, सिस्टर. मग करते." मग म्हणजे कधी? खाली बघत उभी.

औषधांच्या कपाटापाशी पार्वताबाई होती. मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "आता काय, दीक्षा घेतली म्हणजे घड्याळही आपलंच." भागीरथाच्या घरचे दोन वर्षांपूर्वी बौद्ध झाले, त्यावरून. मी ऐकलं. पार्वताबाईला काही म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण तिथे म्हणायला हवं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सात नंबरचं नाव मनकर्णा. शेंदूरजना घाटची. वय बेचाळीस, दिसते साठीची. संधिवात— बोटं, मनगटं, गुडघे, आता मानसुद्धा. चौथं वर्ष. ॲस्पिरिन चालू आहे, मेणाचा शेक चालू आहे. त्याने दुखणं थोडं मऊ होतं, इतकंच.

नवऱ्याची संत्र्याच्या कलमांची वाडी आहे. ही डोळे बांधायची. खट्टीच्या, म्हणजे जंबेरी लिंबाच्या, रोपाला चीर देऊन त्यात संत्र्याच्या काडीवरचा डोळा बसवायचा आणि वरून केळीच्या सालपटाची पट्टी गुंडाळायची. दिवसाला तीनशे बांधायची म्हणे. तो सीझन आत्ताच, थंडीतला.

सकाळपासून तिचं एकच चालतं: "किती वाजले वं?" सातला विचारते, आठला, नऊला. घड्याळ दारावर आहे, तिच्या डोक्यामागे. मान वळत नाही, म्हणून येईल जाईल त्याला विचारते. नर्सांनी त्याची चेष्टा करून टाकली आहे— सात नंबरची गाडी कोणती? बडनेऱ्याची की चांदूरची? मीही हसले आज.

८ नोव्हेंबर, शनिवार

मनकर्णाचा नवरा जानराव संत्री घेऊन आला. दोन मला दिली. आंबिया बहराची, पातळ सालीची. खोलीत बसून सोलली. थंडी सुरू झाली वाटतं, साल काढताना अंगठा ठणकला.

वासाबरोबर कॉन्व्हेंट आलं. डिसेंबरात आम्हाला जेवणानंतर एकेक संत्रं मिळायचं, आणि सिस्टर आग्नेस बघायच्या कोणाची साल एका तुकड्यात निघते. माझी निघायची. त्यांना सगळं एका तुकड्यात, एका रेषेत आवडायचं. पहाटेची घंटा वाजली की दुसऱ्या घंटेच्या आत तोंड धुऊन, ब्लँकेटची घडी करून खाटेच्या पायाशी उभं राहायचं. चाळीस मुली. माझी घडी कधी चुकली नाही. त्यांनी एकदा ती सगळ्यांना दाखवली होती, हातात धरून, प्रार्थनेत फादर पाव उंच धरून दाखवतात तशी. मी नऊ वर्षांची होते. तो दिवस अजून माझ्याजवळ आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सहामाही गोपनीय अहवाल लिहिले. प्रत्येक नर्सचा एक कागद: वेळ, स्वच्छता, आज्ञापालन, आणि शेवटचा रकाना 'कामाची वृत्ती'. पार्वताबाईच्या रकान्यात लिहिलं, 'चपळ, नेटकी'. भागीरथाच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं: 'मंद. कामाची आच नाही.' खोटं नाही ते. आज सकाळीसुद्धा सात नंबरच्या केसांना कंगवा लागला नव्हता. चौथी वेळ.

कागद मेट्रनबाईंकडे पाठवले. आणि भागीरथाला वॉर्डातून काढून बाहेरच्या ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं, दुपारच्या पाळीला. सात नंबर आता पार्वताबाईकडे.

भागीरथा "बरं सिस्टर" म्हणाली. जाताना मनकर्णाच्या उशाचा कंगवा उचलून तिच्या उजव्या हाताजवळ ठेवून गेली. पार्वताबाईने तो परत कपाटात ठेवला. चादरीवर कंगवा चांगला दिसत नाही.

१२ नोव्हेंबर

राउंडच्या वीस मिनिटं आधी सगळं तयार. मनकर्णाची वेणी अशी, की फोटो काढावा.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून येताना एक म्हातारी दिसली, मुलीच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत होती. आईची आठवण झाली. दुपार तशीच गेली.

आईला हेच दुखणं होतं. हे मी वॉर्डात कोणाला कधी सांगितलं नाही. १९४० साली अकोल्याला. बाबा प्रेसमध्ये कारकून होते. कापसाच्या गाठी बांधतात तिथला प्रेस, आमच्या घरामागेच. अकराला जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की आई तवा ठेवायची आणि भाकरी फुगायला बाबा दारात. लहानपणी मला वाटायचं, तव्यामुळे भोंगा वाजतो.

बाबा गेले १९३४ साली. आईचे सांधे धरले त्यानंतर. शेवटी शेवटी पार खाटेला खिळली, तेव्हा मी तीन महिन्यांची रजा काढली. मी तेव्हा अकोल्यालाच स्टाफ नर्स. मनात म्हटलं, परक्यांचं इतकं करते, आईचं असं करीन की बघत राहावं.

आणि केलं. पहाटे पाचला पाणी तापायचं. सहाला अंग पुसून, कपडे बदलून, केस विंचरून वेणी. साडेसहाला चमच्याने पेज. सातला आई तयार, पांढऱ्या चादरीवर पांढऱ्या पातळात. शेजारच्या गंगूबाई बघायला यायच्या. म्हणायच्या, "लेक असावी तं अशी." तीन महिन्यांत अंगाला एक जखम होऊ दिली नाही. आई क्रोशाने जाळ्या विणायची, मिशनमधल्या मडमेने शिकवलेल्या. ती सुईसुद्धा मी उचलून फळीवर ठेवली होती, बिछान्यात टोचेल म्हणून.

एकच गोष्ट मनाला लागायची. आई सकाळभर विचारायची, "भोंगा झाला का गं?" बाबांना जाऊन सहा वर्षं झालेली. मला वाटे, तिचं मन हललं, ती बाबांची वाट बघते. मी जवळ बसून हळू सांगायची, "आई, बाबा आता नाहीत." ती माझ्याकडे बघत राहायची. मग भिंतीकडे तोंड करायची. शेवटी तिने विचारणंच सोडलं. बोलणंही सोडलं. फेब्रुवारीत गेली. शांतपणे गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तिची बोटं आठवतात. भोंगा झाला की चादरीवर हलायची, वाळूत काही शोधावं तशी. मी ती ब्लँकेटखाली घालायची. गार पडतील म्हणून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुमचा वॉर्ड म्हणजे आरसा." बरं वाटलं.

ॲप्रनची मागची बटणं आज आशाबाईने लावून दिली. माझ्याकडे स्वयंपाकाला येते ती. थंडी फार आहे यंदा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मनकर्णा जेवत नाही. आठवडा झाला. पार्वताबाई भरवते, दोन चमचे जातात, तिसऱ्याला ओठ मिटतात. वजन शहात्तर पौंड. आली तेव्हा शहाऐंशी होतं.

आणि 'किती वाजले' थांबलं आहे. मला चार दिवसांनी लक्षात आलं! वॉर्डात काहीतरी कमी वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. पार्वताबाई म्हणाली, "सुटलो बाई." मी काही हसले नाही.

डॉक्टरांनी राउंडनंतर मला बाजूला घेतलं. सांधे पूर्वीइतकेच आहेत म्हणाले, वाढ नाही. "हाडांचं दुखणं मारत नाही, सिस्टर. या बाईला जगायचंच नाही. असंच चाललं तर महिना काढणार नाही. आणि त्याचं औषध माझ्या कपाटात नाही."

मग कोणाच्या कपाटात आहे?

२५ नोव्हेंबर

दुपारी मी स्वतः भरवायला बसले. प्रेमाने बोलले. मांडीवर डोकं घेतलं. मनकर्णा मुकाट तोंड उघडत होती, आणि गालात घास तसाच. भिंतीकडे बघत होती.

हे भिंतीकडे बघणं मी ओळखते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जानराव आला. आज संत्री नव्हती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला, आणि म्हणाला, तिले घरी घेऊन जातो.

मी समजावलं. दुखणं जुनं आहे, धीर धरा, इथे सगळी सोय आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेतकरी माणूस ऐकून घेतो आणि मग आपलं बोलतो.

"सोय लय हाय, शिस्टर. मी नाई म्हणत नाई. तिचं सारंच करता तुमी." टोपी फिरवत राहिला. "पण मागच्या मयन्यात मी येत जाओ, तं वाकडी वेणी घालून बसून राहे. मले शिव्या देत जाय. डोळे कोन बांधून राह्यलं, पट्टी ढिली तं नाई बांधत, तुमाले काई समजत नाई. शिव्या देये तं मले बरं वाटे. आता काईच म्हनत नाई. परवा म्हने, दुसरी पाहून घ्या."

मी बाकाच्या टोकाला बसले.

मग त्याने विचारलं, "थे शिस्टर कुठं गेली? थांबनारी?"

मला कळेना. कोण थांबणारी?

"थेच, सावळी. तिच्या खाटेपाशी हात बांधून उभी राहे. काईच नाई करे, नुसती थांबे. थे होती तवा बरी होती मनकर्णा."

चार दिवस मागून घेतले त्याच्याकडून. सोमवारी नेतो म्हणाला, गाडी ठरवून.

नुसती थांबे! आणि मी त्यालाच मंद लिहिलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ड्रेसिंगच्या खोलीत गेले. भागीरथा पट्ट्या गुंडाळत होती. मला बघून उभी राहिली. विचारलं, सात नंबरपाशी तू काय करायचीस? तिला वाटलं, आणखी रागावते आहे. "केस राहून जायचे, सिस्टर," म्हणाली.

म्हटलं, मी रागवायला आले नाही. बस. मला सांग.

बसली नाही. उभ्याउभ्याच बोलली. जे बोलली ते आठवेल तसं लिहिते.

"सकाळी त्यांचे हात उघडत नाहीत, सिस्टर. झोपून उठलं की सगळं आखडलेलं असतं. दहानंतर जरा जरा सुटतं. अकरा वाजले की बोटं वळतात. एक-दीड तास. मग दुखायला लागतं परत. तेवढाच काय तो त्यांचा दिवस."

मी म्हटलं, मग?

"मग काय. आपण सगळं आठच्या आत करून टाकतो. अकराला हात उघडतात, तं करायला काही उरतच नाही. केस झालेले, तोंड धुतलेलं, खाणं झालेलं. नुसते उघडे हात घेऊन पडून राहायचं. म्हणून मी केस ठेवून देत होते. अकराला कंगवा द्यायची आणि थांबायची. मध्ये हात लावला तं चिडायच्या."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी विचारलं होतं, कावून घडी घडी वाजले किती म्हणून विचारता."

सत्तावीस वर्षं! आणि मी कधी विचारलं नाही. गाडीची चेष्टा ऐकून हसले.

म्हटलं, मला का नाही सांगितलंस? पट्टीचं टोक नीट दुमडून तिने ठेवलं. म्हणाली, "राउंडला केस विस्कटलेले चालतात असं मी तुम्हाला कसं सांगणार, सिस्टर? आणि मी सांगून कोणी ऐकलं असतं?"

पार्वताबाईचं ते बोलणं तिने ऐकलं होतं. माझं गप्प राहणंही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

भागीरथाला सकाळीच वॉर्डात परत घेतलं. पार्वताबाईला सांगितलं, सात नंबरला आज हात लावायचा नाही. राउंडला डॉक्टर थांबले, केस बघितले, माझ्याकडे बघितलं. म्हटलं, मी सांगितलं आहे तसं ठेवायला. पुढे गेले.

पावणेअकराला मी जाऊन उभी राहिले. भागीरथाने कंगवा मनकर्णाच्या हाताशी ठेवला आणि आपले हात पाठीमागे बांधले. मलाही नजरेने सांगितलं— बांधा.

पंधरा मिनिटं काही झालं नाही. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. माझे हात आपोआप पुढे जात होते. दोन मिनिटांत वेणी घातली असती मी!

अकरा वाजले. भागीरथा मोठ्याने म्हणाली, "अकरा झाले, मनकर्णाबाई." नुसतं तेवढंच.

मनकर्णा भिंतीकडेच बघत होती. मग उजवं बोट हललं. मग दोन. चादरीवर हलली, वाळूत काही शोधावं तशी. कंगव्याला लागली. कंगवा पडला. भागीरथाने उचलून तिथेच ठेवला, हातात दिला नाही. परत पडला. तिसऱ्या वेळी तो मुठीत धरला गेला, आणि हात वर निघाला, कोपर दुसऱ्या हाताने ढकलत, इंच इंच.

पंचवीस मिनिटं लागली. वेणी कसली, एक गुंता होता. मी बघत उभी होते. मनकर्णा माझ्याकडे वळली— मान नाही, डोळे— आणि दहा दिवसांत पहिल्यांदा आमच्यापैकी कोणाशी बोलली.

"पाहून काय राह्यल्या, शिस्टर? भांग वाकडा आला तं आला. माह्या नवऱ्याचा बांधही वाकडाच हाय."

सोळा नंबरची म्हातारी खो-खो हसली. भागीरथाही. मी हसले नाही. मी तिथून निघून लिननच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आई बाबांची वाट बघत नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले नाही.

भोंगा झाला का गं. हात उघडायची वेळ झाली का, हे विचारत होती ती. घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता. आणि मी काय सांगत होते तिला? बाबा नाहीत. रोज सकाळी, मऊ आवाजात, तिचा नवरा मेला आहे हे सांगत होते.

सुई फळीवर. हात ब्लँकेटखाली.

लेक असावी तं अशी.

१ डिसेंबर, सोमवार

जानराव गाडी घेऊन आला. मनकर्णा त्याला म्हणाली, "गाडीचं भाडं कोनं सांगतलं द्याले? बावळट." तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि टोपीत तोंड घालून रडला. मग गाडी रिकामी परत पाठवली.

४ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरसाहेबांशी बोलले. सांधेदुखीच्या बायकांना सकाळी नुसता शेक आणि चहा. बाकी सगळं अकरानंतर, आणि जेवढं त्यांचं त्यांना जमेल तेवढं त्यांनीच. आत्ता अशा तिघी आहेत. डॉक्टर म्हणाले, तीन खाटांसाठी वॉर्डाचा नियम मोडायचा? उद्या सगळ्याच अकराला उठतील. मी म्हटलं, नियम माझाच होता साहेब, मोडायलाही मीच आले आहे. त्यांनी चष्मा पुसला. महिनाभर बघू म्हणाले.

नर्सा कुरकुरतात. पार्वताबाई सगळ्यांत जास्त. करून टाकायला पाच मिनिटं लागतात, थांबायला अर्धा तास, आणि वर नुसतं उभं राहिलेलं दिसतं! खरं आहे तिचं. तिचाही दोष नाही, चपळाई मीच शिकवली तिला, मीच कागदावर लिहिली. आज मात्र एक गोष्ट केली. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, दीक्षेवरून भागीरथाला जे बोललीस ते या वॉर्डात पुन्हा चालणार नाही. एक महिना उशिरा म्हटलं. भागीरथाने वर बघितलं नाही. काम करत राहिली.

९ डिसेंबर, मंगळवार

मेट्रनबाईंकडे गेले. गोपनीय अहवाल परत मागितला तर म्हणाल्या, गेलेला कागद परत येत नाही. बदलायचा तर चूक झाली असं सहीनिशी लिहून द्या. दिलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि कागदावर पहिली चूक! सिस्टर आग्नेस काय म्हणाल्या असत्या?

'कामाची वृत्ती' समोर नवीन शेरा लिहिला: 'हिला थांबता येतं.' मेट्रनबाईंनी दोनदा वाचला. हा काय शेरा आहे, म्हणाल्या. म्हटलं, माझ्याकडे याहून मोठा शेरा नाही.

१५ डिसेंबर

मनकर्णाने आज स्वतः संत्रं सोललं. सालीचे चाळीस तुकडे. रस मनगटावरून कोपरापर्यंत. अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं मला दिलं. चिरडलेल्या फोडी, कोमट. सगळ्या खाल्ल्या.

वजन ऐंशी.

२२ डिसेंबर, सोमवार

रोज चांगलं असतं असं नाही. आज तिने कंगवा फेकला. म्हणाली, हे असं मेलेल्यासारखं जगून काय करू, तीनशे डोळे बांधत होती मी. भागीरथा तिथेच थांबली, समजूत घातली नाही. मीही घातली नाही. माझ्याजवळ धीराची पुष्कळ वाक्यं आहेत, कॉन्व्हेंटपासूनची. आता तोंडातून निघत नाहीत.

बाराच्या सुमाराला मनकर्णाच म्हणाली, "द्या तो कंगवा. वेळ जाऊन राह्यला."

१० जानेवारी १९५९, शनिवार

मनकर्णा घरी गेली. बरी होऊन नाही. सांधे तसेच आहेत, तसेच राहतील. वजन सत्त्याऐंशी. जानरावने खट्टीचं एक रोप आणि डोळ्यांच्या काड्या आणल्या होत्या, तिच्या परीक्षेला. व्हरांड्यात अकरा ते साडेबारा बसून तिने एक डोळा बांधला. एक! मग त्याला म्हणाली, "आता रोज एक बांधीन. बाकीचे दोनशे नव्याण्णव तुमी बांधा, अन् मी पाहीन."

जाताना माझे हात हातात घेतले. मी काढून घ्यायच्या आत तिने बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं डोळे बांधलेला अंगठा. माझ्याकडे बघितलं, आणि मग भागीरथाकडे.

रोप मला दिलं. क्वार्टरसमोर लावलं आहे.

आज लिहिताना पेन दोनदा सुटलं. थंडीच म्हणायची.

१४ फेब्रुवारी १९६१, मंगळवार. अकोला

भागीरथा मूर्तिजापूरला माहेरी आली होती, सकाळच्या गाडीने मला भेटायला आली. अमरावतीहून माझ्याबरोबर आलेल्या आशाबाईने दार उघडलं. निवृत्तीनंतर मी आमच्या जुन्याच घरात, आईच्या जागी, खाटेवरच. केस तसेच, उशीवर.

मी विचारलं, "भोंगा झाला का गं?"

"नाही अजून, सिस्टर," म्हणाली. फळीवरून कंगवा काढून माझ्या उजव्या हाताजवळ ठेवला. शेजारी आईची क्रोशाची सुई ठेवली; आईचं सगळं मी तिला सांगितलेलं आहे. मग खुर्ची ओढून, स्वतःचे हात मांडीत घेऊन बसून राहिली.

हे लिहिते आहे तेव्हा सव्वाअकरा झाले आहेत.